शाळेच्या सुतारशाळेतील यंत्रे : टिकाऊ कशाला म्हणायचे?

(रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या विषयपत्रिकेवर महागाई भत्ता आहे, पेन्शन आहे, रिक्त जागांचा प्रश्न आहे. त्यांच्या शेजारी ‘शाळेच्या सुतारशाळेसाठी यंत्रे कशी निवडावीत’ हा विषय पाहून काहींना आश्चर्य वाटले असेल. कामगार संघटनेचा आणि शाळेतल्या करवतीचा संबंध काय, असे कोणी विचारले तर ते गैर नाही. म्हणून त्याचे उत्तर आधी देतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हाताच्या कामाची ओळख व्हावी असे म्हटले आहे. सुतारकाम, वीजकाम, धातुकाम, बागकाम, कुंभारकाम ही नावे त्यात आहेत. कल्पना नवी नाही. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योगाचा आराखडा केला. त्यातही सुतारकाम होते. महाराष्ट्रातल्या टेक्निकल हायस्कुलांनी आठवी ते दहावीच्या मुलांच्या हातात रंधा आणि कानस दिली. इथे बसलेल्यांपैकी काही जण त्याच वाटेने ॲप्रेंटिस होऊन वर्कशॉपमध्ये आले असतील.

आता पुन्हा शाळांकडे यंत्रांसाठी पैसे येऊ लागले आहेत. या शाळांत आपलीच मुले शिकतात. कोणी रेल्वे कॉलनीच्या शाळेत, कोणी जिल्हा परिषदेच्या, कोणी अनुदानित संस्थेच्या. कोणी भुसावळला, कोणी सोलापूरला, कोणी महाराष्ट्राबाहेर इटारसी, झाशी किंवा सिकंदराबादला. आणि खरेदी कोण ठरवतो? मुख्याध्यापक, लिपिक आणि पुरवठादार. ज्याने यंत्रापुढे उभे राहून आयुष्य काढले त्याला त्या टेबलावर जागा नसते.

दुसरे कारण जास्त गंभीर आहे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या २३ व्या कलमात एक तत्त्व घातले होते. धोकादायक यंत्रावर अल्पवयीन कामगाराला उभे करायचे, तर त्याला धोक्याची पूर्ण माहिती दिलेली असली पाहिजे, आणि पुरेसे शिक्षण झालेले असले पाहिजे किंवा जाणत्या माणसाची पुरेशी देखरेख असली पाहिजे. राज्यांच्या नियमांत अशा यंत्रांच्या यादीत चक्री करवतीचे नाव होते. कायदे बदलतात, संहिता येतात. तत्त्व बदलत नाही. पण शाळा हा कारखाना नव्हे आणि विद्यार्थी हा कामगार नव्हे. त्यामुळे शाळेच्या सुतारशाळेत कारखान्याचा निरीक्षक पाऊल ठेवत नाही. चौदा वर्षांच्या मुलाला संघटना नाही, तक्रार पेटी नाही, काम नाकारण्याचा अधिकार आहे हेही त्याला ठाऊक नाही. गुरुजींनी सांगितले की तो यंत्रापुढे उभा राहतो. म्हणून त्याच्या वतीने यंत्र निवडणे हे आपले काम आहे.

आधी हात, मग यंत्र

पहिली गोष्ट अशी की, यंत्रांची यादी करण्यापूर्वी हत्यारांची यादी करा. वीस मुलांची तुकडी असेल तर शिकंजा बसवलेली भक्कम बाके, हातकरवती, रंधे, पटाश्या, गुण्ये, हातोड्या आणि धार लावायच्या पाथऱ्या यांवर आधी खर्च झाला पाहिजे. मुलगा लाकडाचे पदर ओळखायला हाताने शिकतो. रंधा उलट्या पदराने मारला की लाकूड ओरबाडते, हे हाताला कळते. ते ज्याच्या हाताला कळले आहे, त्याला यंत्रावर लाकूड का उडते हे समजावून सांगता येते. ज्याला ते कळलेले नाही, त्याच्या दृष्टीने यंत्र म्हणजे बटण.

अनेक ठिकाणी उलटे होते. मोठे यंत्र घेतले की उद्घाटन करता येते, फोटो येतो. वीस रंध्यांचे उद्घाटन कोणी करत नाही. मार्चअखेर अनुदान परत जाऊ नये म्हणून घाईने मागवलेले यंत्र मी एका शाळेत पाहिले आहे. शाळेत थ्री-फेज जोडणी नव्हती, म्हणून ते सुरूच झाले नव्हते. त्यावर ताडपत्री होती आणि ताडपत्रीवर क्रीडा साहित्य ठेवले होते. त्याच शाळेत मुलांना पुरतील एवढ्या पटाश्या नव्हत्या. तुम्ही आपापल्या गावी डोकावलात तर असे एखादे यंत्र सापडेल.

टिकाऊ म्हणजे काय?

पुरवठादाराच्या माहितीपत्रकात प्रत्येक यंत्र ‘टिकाऊ’ असते. आपण आपली कसोटी लावू. शाळेतले यंत्र दिवसाला कमी चालते, हे खरे. पण ते नवशिक्या हातांखाली चालते. दर वर्षी नवी तुकडी येते, दर वर्षी तोच धक्का, तीच चूक. उन्हाळ्याच्या सुटीत ते महिना-दीड महिना बंद पडून असते, पावसाळ्यात गंज धरते. कारखान्यातल्या यंत्राला एक ठरलेला कारागीर असतो. शाळेतल्या यंत्राला शंभर असतात. म्हणून शाळेसाठी टिकाऊपणाच्या पाच खुणा सांगतो.

पहिली खूण वजन. यंत्राचा सांगाडा आणि टेबल बिडाचे असावे. बीड कंप पचवते आणि नीट मुरवून घासलेले टेबल वर्षानुवर्षे सपाट राहते. पत्र्याची घडी घालून केलेला सांगाडा हलका पडतो, चालताना थरथरतो, आणि थरथरणाऱ्या यंत्रावर मुलाचा हातही थरथरतो. दोन माणसांनी उचलून नेता येणारी करवत ही कामाच्या जागी नेण्यासाठी असते. शाळेचे यंत्र जमिनीला बोल्टने जखडलेले असावे.

दुसरी खूण मोटार. हलक्या यंत्रांत कार्बन ब्रशची, प्रचंड वेगाने फिरणारी, किंचाळणारी मोटार असते. ब्रश झिजतात, धूळ आत शिरते, मोटार जळते. शाळेसाठी इंडक्शन मोटार घ्यावी. आपल्याकडच्या ५० सायकलच्या विजेवर ती मिनिटाला सुमारे १४४० किंवा २८८० फेरे फिरते, तिला ब्रश नसतात, आणि जळाली तरी तालुक्याच्या गावी रिवाइंडिंग करून मिळते. शक्य असेल तिथे थ्री-फेज मोटार घ्यावी. तिला कपॅसिटर किंवा सुरू करायचा वेगळा स्विच लागत नाही, म्हणजे बिघडायच्या दोन जागा कमी. मात्र थ्री-फेजची वायर कोणी काढून पुन्हा जोडली, तर यंत्र उलटे फिरू शकते. प्रत्येक दुरुस्तीनंतर फिरण्याची दिशा तपासल्याशिवाय मुलांना जवळ येऊ देऊ नये.

मोटारीच्या ताकदीबाबत फसवणूकही होते. यंत्रावर मोठ्या अक्षरात ‘३ हॉर्सपॉवर’ लिहिलेले असते आणि खाली ५ अँपिअरचा प्लग असतो. २३० व्होल्ट गुणिले ५ अँपिअर म्हणजे ११५० वॅट. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे काहीही वाया गेले नाही असे धरले तरी ती मोटार दीड हॉर्सपॉवरच्या पुढे जात नाही. मोटारीची पाटी वाचा आणि गुणाकार करा. एवढा हिशेब आपल्या कोणत्याही सभासदाला येतो.

तिसरी खूण स्टार्टर. हा मुद्दा मी तुम्हाला विशेष लक्षात ठेवायला सांगतो, कारण यात पैसे थोडे आणि जीव मोठा आहे. भारनियमनात किंवा फ्यूज उडून वीज जाते. यंत्र थांबते. मुलगा पात्यात अडकलेला तुकडा काढायला हात घालतो. वीज परत येते. यंत्राला घरातल्या दिव्यासारखा साधा स्विच असेल तर ते त्याच क्षणी पुन्हा सुरू होते. नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर असेल तर वीज आली तरी यंत्र थांबलेलेच राहते. हिरवे बटण दाबल्याशिवाय फिरत नाही. त्याच स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले मोटारीलाही वाचवतो. आणि तळहाताने दाबता येईल असे मोठे लाल बटण यंत्राच्या समोर, मुलाचा हात सहज पोहोचेल अशा उंचीवर असावे. पाठीमागे लावलेले बटण संकटात सापडत नाही.

चौथी खूण सुटे भाग. बेअरिंग कोणत्या नंबरचे आहे ते विचारा. ६२०४, ६२०५ असे नेहमीचे नंबर असतील तर ते कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणी मिळेल. बेल्ट ‘ए’ किंवा ‘बी’ सेक्शनचा, बाजारात मिळणारा आहे का? पाते कोणत्या व्यासाचे, आटा कोणत्या मापाचा? जे यंत्र फक्त एकाच कंपनीच्या खास भागांवर चालते, ते कंपनीचा एजंट आहे तोवरच चालते. परदेशातून देणगी म्हणून येणाऱ्या यंत्रांचेही तसेच. अमेरिकेतली वीज ६० सायकलची आणि घरगुती व्होल्टेज आपल्या निम्मे. तिथली मोटार आपल्याकडे नीट चालत नाही. देणगी नाकारू नये, पण मोटार बदलण्याचा खर्च आधी काढावा.

पाचवी खूण गार्ड. गार्ड हा यंत्राचा भाग आहे, वेगळा विकत घ्यायचा दागिना नव्हे. जो गार्ड काम करताना अडतो तो आठवड्यात काढला जातो आणि कपाटावर जाऊन बसतो. म्हणून खरेदीपूर्वी गार्ड लावून लाकूड कापून पाहा. गार्ड लावून काम सुखाने होत नसेल तर ते यंत्र शाळेसाठी नाही.

एकेका यंत्राविषयी

सुतारशाळेत पहिले यंत्र कोणते घ्यावे? माझ्या मते खांबाचे ड्रिल मशीन. १३ मिलिमीटरपर्यंतचा चक, पायऱ्यांची पुली, बिडाचे टेबल. तुकडा शिकंज्यात पकडला की मूल ते सुरक्षित चालवू शकते. चकची चावी तिथेच विसरू नये, एवढी एक सवय लावली पाहिजे.

दुसरे यंत्र बँडसॉ, म्हणजे पट्टी करवत. यात पात्याचा जोर खाली टेबलावर येतो, त्यामुळे लाकूड मुलाच्या अंगावर फेकले जात नाही. वाकडे-तिकडे आकार कापता येतात, म्हणून मुलांना गोडीही वाटते. पट्टी तुटली तर सॉ-मिलवाल्याकडून ब्रेझिंग करून पुन्हा जोडून मिळते. दोन्ही चाके पूर्ण झाकलेली हवीत, आणि वरचा गाइड लाकडापासून सेंटिमीटरभर अंतरावर उतरवता आला पाहिजे. म्हणजे पट्टी तेवढीच उघडी राहते. चाके बिडाची आणि तोललेली असावीत. हलकी चाके थोड्या दिवसांत डुलू लागतात आणि पट्ट्या तोडतात.

तिसरी सहाण, म्हणजे बेंच ग्राइंडर. बोथट पटाशी धारदार पटाशीपेक्षा जास्त हात कापते, हे प्रत्येक सुताराला माहीत आहे. सहाणेच्या चाकात आणि टेकणीत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नसावी. नवे चाक बसवण्यापूर्वी ते टांगून लाकडी मुठीने हलकेच ठोकावे. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर चाकाला तडा आहे, ते फेकून द्यावे. रेल्वेत हातोडीने चाके ठोकून त्यांचा आवाज ऐकणारी माणसे आपण पाहिली आहेत. तीच विद्या इथे.

चौथे लाकडी लेथ. मीटरभर लांबीचा बिडाचा बेड, कमी वेगाची सोय, आणि घट्ट बसणारी टेकणी. लाटणे, खुर्चीचा पाय, भोवरा ही मुलांच्या हाताने होणारी आणि घरी नेऊन दाखवता येणारी कामे आहेत.

यानंतरची यंत्रे निदेशकाची, मुलांची नव्हेत. जाडी काढायचा थिकनेस प्लेनर घेतल्याने मुलांना सारख्या जाडीच्या फळ्या मिळतात. पण तो निदेशकाने चालवावा. रंधा मशीन घ्यायचेच असेल तर त्याचा कटर-ब्लॉक गोल हवा. जुन्या चौकोनी ब्लॉकमध्ये आणि टेबलाच्या कडेमध्ये बोट खोल जाईल एवढी फट पडते. गोल ब्लॉकमध्ये ती फट लहान राहते. कारखान्यांच्या नियमांनी हाताने लाकूड सरकवायच्या रंधा मशीनवर चौकोनी ब्लॉकला मनाई केली होती, ती उगीच नाही.

आणि चक्री करवत. तिच्याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण सुतारशाळेतली सर्वांत जास्त मागणी तिचीच असते आणि सर्वांत मोठा धोकाही तिचाच. ३०० मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला २८८० फेऱ्यांनी फिरले, तर त्याच्या दाताचा वेग सेकंदाला सुमारे ४५ मीटर होतो. ताशी १६० किलोमीटरच्या वर. २०१६ साली गतिमान एक्सप्रेस सुरू झाली तेव्हा तिच्या ज्या वेगाचा गाजावाजा झाला, तोच हा वेग. आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर मुलाची बोटे. फळी कापली जात असताना तिच्या दोन फाका आतल्या ताणाने पुन्हा मिटतात आणि पात्याची पाठ चिमटीत धरतात. पाठीकडचे दात वर येत असतात. ते फळी उचलतात आणि कापणाऱ्याच्या पोटावर फेकतात. हे टाळण्यासाठी पात्याच्या मागे एक उभी पोलादी पट्टी असते, तिला रिव्हिंग नाइफ म्हणतात. ती फाका मिटू देत नाही. फॅक्टरी कायद्याखालच्या नियमांत ही पट्टी पात्याच्या दातांपासून टेबलाच्या पातळीवर १० मिलिमीटरपेक्षा जास्त दूर नसावी, असे होते. पात्यावर आवरण, टेबलाखाली पात्याच्या दोन्ही बाजूंना पत्रे, आणि लाकूड ढकलायला काठी हेही त्यात होते. ही पट्टी नसलेली करवत कितीही स्वस्त मिळाली तरी शाळेच्या दारातून आत येऊ देऊ नये.

अमेरिकेत २००४ पासून अशी करवत बाजारात आहे की जिच्या पात्याला कातडीचा स्पर्श झाला तर विजेच्या खुणेवरून एक ब्रेक सुटतो आणि पाते डोळ्याची पापणी लवण्याआधी थांबते. तिथल्या अनेक शाळांनी ती घेतली आहे. उपाय चांगला आहे. पण एकदा ब्रेक सुटला की ब्रेकचा डबा आणि पाते दोन्ही नवे लागतात, आणि ओल्या लाकडानेही तो सुटू शकतो. तो डबा आपल्या गावी कोण देणार, हे ठरल्याशिवाय घेण्यात अर्थ नाही. आपल्या शाळांत सोपा उपाय असा की, चक्री करवतीला कुलपाचा स्विच असावा, चावी निदेशकाच्या खिशात असावी, आणि दहावीपर्यंतच्या मुलांनी ती चालवू नये.

आणखी एक सावधगिरी. आपल्या बाजारात ‘सगळे एकात’ असे कॉम्बिनेशन मशीन फार खपते. एकच मोटार, एकच शाफ्ट. त्यावर रंध्याचा ब्लॉक, टोकाला चक्री करवत आणि ड्रिलचा चक. बांधकामावर काम करणाऱ्या कारागिराला ते परवडते, कारण तो एकटा असतो. शाळेत ते घातक आहे. मुलगा एका बाजूला रंधा मारत असतो आणि दुसऱ्या टोकाला करवत उघडी फिरत असते. तिथे दुसरा मुलगा उभा असतो. आणि एक बेअरिंग गेले की पाचही कामे बंद. किमतीच्या तक्त्यात ते पाच यंत्रांइतके दिसते, पण बंद पडते तेव्हा एकच असते.

धूळ, आवाज, कपडे

लाकडाच्या भुशाकडे आपण दुर्लक्ष करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. सागवान आणि शिसवीच्या धुळीने काहींच्या अंगावर पुरळ येते, दमा उठतो. आपल्या कॅरेज वर्कशॉपमधल्या सॉ-मिलमध्ये ज्यांनी काम केले, त्यांना हा खोकला सांगावा लागत नाही. म्हणून यंत्र घेताना धूळ ओढणारा पंखा आणि पिशवी यांचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरावा. प्रत्येक यंत्राला धूळ ओढण्याचे तोंड आहे का ते पाहावे. रंधा मशीन आणि थिकनेस प्लेनरजवळ कानाला झाकण हवे. ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस बांधून घ्यावेत. फिरत्या यंत्रावर हातमोजे मात्र घालू नयेत. मोजा अडकला की हात ओढला जातो. मुलींना सुतारशाळेतून वगळण्याचे निमित्त म्हणून कपड्यांचा मुद्दा कोणी पुढे केला, तर तो मान्य करू नये. ॲप्रन सगळ्यांना द्यावा, प्रश्न मिटला.

सर्वांत कमी दराची निविदा

आता खरेदीकडे वळू. पत्र एकच असते : ‘सर्वांत कमी दर देणाऱ्यास आदेश द्यावा.’ रेल्वेच्या स्टोअर्स खात्याशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना माहीत आहे की कमी दर हा नियमाचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा म्हणजे तपशील, ज्याला आपण स्पेसिफिकेशन म्हणतो. तपशिलात बसणाऱ्यांमध्ये सर्वांत कमी दर. तपशील ढिसाळ लिहिला की पत्र्याचे यंत्र बिडाच्या यंत्राशी स्पर्धा करते आणि नेहमी जिंकते. ‘चक्री करवत, १ नग’ एवढेच लिहिले, तर पुरवठादाराचा दोष नाही. शासकीय ई-बाजारात मागवा की दोन लिफाफा पद्धतीने निविदा काढा, तपशील लिहिणारा माणूस यंत्र जाणणारा हवा.

एक साधा हिशेब करू. समजा, हलके यंत्र ४० हजारांना मिळते आणि चार वर्षे टिकते. जड यंत्र १ लाखाला मिळते आणि वीस वर्षे टिकते. पहिल्याचा खर्च वर्षाला १० हजार, दुसऱ्याचा ५ हजार. जड यंत्राच्या देखभालीला वर्षाला २ हजार धरले तरी ते ७ हजारांवर थांबते. शिवाय हलके यंत्र पाचव्या वर्षी बंद पडते तेव्हा नवे अनुदान मिळेलच असे नाही. मधल्या काळात ज्या तुकड्या कोरड्या गेल्या, त्यांचा हिशेब कोणत्या रजिस्टरात लिहायचा?

यंत्र आले की ताबा घेताना पाच गोष्टी कराव्यात. टेबलावर पोलादी सरळ पट्टी आडवी, उभी आणि कोपऱ्यांतून ठेवून खालून फिलर गेज घालून पाहावे. तासभर रिकामे चालवून बेअरिंगला हात लावावा. हात ठेववत नसेल तर काही तरी चुकले आहे. चालू यंत्राची वीज मुख्य स्विचवरून बंद करून पुन्हा चालू करावी. यंत्र आपोआप फिरू लागले तर ते परत करावे. बटण बंद केल्यापासून पाते थांबेपर्यंतचा वेळ घड्याळ लावून मोजावा. आणि गार्ड, रिव्हिंग नाइफ, चाव्या, माहितीपुस्तिका यांची यादी करून सही घ्यावी. यानंतरच बिलावर सही करावी. ‘बिल मार्चमध्ये, तपासणी जूनमध्ये’ ही पद्धत बंद झाली पाहिजे.

आपण काय करावे?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे हे तिचे काम आहे. आपले किती सभासद पालक म्हणून या समित्यांत जातात? गेलेत तर गप्प बसू नका. यंत्राची मागणी आली की तीन प्रश्न विचारा : ते चालवणारा निदेशक नेमलेला आहे का? वीज, अर्थिंग आणि पाया तयार आहे का? पाती, बेल्ट, धार आणि दुरुस्ती यांसाठी दर वर्षी रक्कम ठेवली आहे का? या तिन्हींचे उत्तर ‘हो’ नसेल तर यंत्र घेऊ नका, पटाश्या घ्या.

पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. निदेशक निवृत्त होतो, जागा रिक्त राहते आणि यंत्र गंजते. निदेशकाशिवाय यंत्र हे टिकाऊ असले तरी निरुपयोगी आणि धोक्याचे. रिक्त जागांसाठी आपण आपल्या खात्यात लढतो, तशीच ही मागणी आहे.

दुसरे, आपल्यातले जाणते लोक. डबे लाकडाचे होते त्या काळात आपल्या कॅरेज वर्कशॉपमध्ये सुतारांचे मोठे विभाग होते. १९५५ साली पेरांबूरला इंटिग्रल कोच फॅक्टरी सुरू झाली, पोलादी डबे आले, आणि लाकूडकाम हळूहळू आटले. टपाल खात्यातही सॉर्टिंगच्या लाकडी केसेस दुरुस्त करणारे हात होते. ती विद्या ज्यांनी जुन्या कारागिरांकडून घेतली, असे निवृत्त सभासद आजही कॉलन्यांतून आहेत. धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकण्याचे ठेवले आहेत. प्रत्येक शाखेने अशा दोन-तीन निवृत्त सभासदांची नावे शाळेला द्यावीत. शिकवायला, आणि खरेदीपूर्वी यंत्र पाहायलाही.

तिसरे, जुनी यंत्रे. वर्कशॉपमधून काढून टाकलेली जड यंत्रे ई-लिलावात भंगाराच्या भावाने जातात. त्यांतला एखादा चांगल्या बिडाचा बँडसॉ किंवा ड्रिल मशीन बेअरिंग, मोटार आणि स्टार्टर बदलून शाळेत अनेक वर्षे चालेल. अशी यंत्रे शाळांना मिळावीत अशी मागणी शाखांनी करायला हरकत नाही. मात्र गार्ड नसलेले जुने यंत्र शाळेला देणे म्हणजे आपल्या घरचा धोका दुसऱ्याच्या मुलाला देणे. गार्ड बसवून, चालवून दाखवूनच द्यावे.

बंधू-भगिनींनो, आपल्या हातापायांच्या सुरक्षिततेसाठी आपल्या आधीच्या पिढ्यांनी झगडून नियम मिळवले. त्यांतला प्रत्येक नियम कोणाच्या तरी बोटांची किंमत देऊन आला आहे. तो नियम कारखान्याच्या फाटकापाशी थांबतो आणि शाळेच्या फाटकातून आत जात नाही, हे आपल्याला पटण्यासारखे नाही. यंत्र थोडी घ्या, जड घ्या, गावात दुरुस्त होणारी घ्या, गार्डसह घ्या, आणि ज्याला ती कळतात अशा माणसाच्या हाती द्या. पुढच्या शिबिरापर्यंत प्रत्येक शाखेने आपल्या भागातल्या निदान एका शाळेची सुतारशाळा पाहून तिचा लेखी अहवाल आणावा, एवढी सूचना मी अध्यक्षांच्या परवानगीने मांडतो आणि माझे भाषण संपवतो.